फाटकावरचा शब्द

जानेवारी लागला की आमच्याकडे एक कोरडा वारा सुटतो. त्यात गारवा असतो, पण ओल नसते. ओठ फुटतात, टाचा फुटतात, दोरीवरचे कपडे ऊन चढायच्या आत पापडासारखे कडक होतात. या वाऱ्याची मी तयारी करून ठेवते. तीळ निवडायचे, रजया उन्हात टाकायच्या, गच्चीवरच्या टाकीचा गळका नळ बदलून घ्यायचा. डिसेंबर संपायच्या आत सगळं कागदावर लिहिलेलं असतं आणि तो कागद फ्रिजवर लावलेला असतो. घरातले हसतात. हसू देत. कामं होतात.

यंदा त्या कागदावर मुलीनं आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली. 'कुत्र्यांचे सर, रविवार सकाळ.' तिनं पाळलेली दोन लॅब्रॅडॉर आता अंगानं माझ्याएवढी झाली आहेत आणि अकलेनं अजून पिल्लंच आहेत. दाराची घंटा वाजली की दोघं मिळून असा गोंधळ घालतात की पार्सल आणणारा पोरगा पार्सल पायरीवर ठेवून खाली पळतो. सोसायटीत तक्रार गेली. म्हणून हे सर. ट्रॅकसूट घातलेला, कमरेला खाऊची पिशवी बांधलेला तरुण मुलगा. बोलायला नम्र. त्यानं आम्हा सगळ्यांना सोफ्यावर बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दारावर कुणी आलं, की यांना शांत करायला घरात कोणता शब्द वापरता? कारण सगळ्यांनी मिळून एकच शब्द ठरवायला लागेल."

मुलगी आणि तिचे बाबा एकदमच बोलायला लागले. मी तीळ भाजायला ठेवून आले होते. ते तडतडायचे थांबून करपल्याचा वास आला, तरी मी बसूनच होते. सरांनी मला विचारलं, "काकू, तुम्ही काय म्हणता यांना?"

"विचार करून सांगते," मी म्हटलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. हे वाक्य माझ्या तोंडी सहसा येत नाही.

आम्ही गारखेड्याच्या बाजूला राहायला आलो तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि आमच्या कॉलनीला अजून नावच नव्हतं. वाळूजला कंपन्यांमागून कंपन्या उभ्या राहत होत्या, आणि त्यांत कामाला लागलेल्या माणसांसाठी शहर चहूकडं पसरत होतं. आमची गल्ली म्हणजे निम्मी घरं आणि निम्मे वाळूचे ढीग. सकाळी विटांचे ट्रक, दुपारी मिक्सरचा घरघराट, संध्याकाळी चुलींचा धूर. सिमेंटची पूड इतकी उडायची की भाकरीलाही तिची चव लागते असं आई म्हणायची. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर झाले होते. खाकी शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून ते कॉलनीच्या कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहायचे, तेव्हा मला ते उंच दिसायचे.

शेजारच्या अर्धवट घरातल्या वाळूत एक कुत्री व्याली होती. तिथलं काम संपलं, मजुरांची टोळी दुसरीकडं गेली, कुत्रीही त्यांच्यामागं गेली. दोन पिल्लं राहिली. एक राखाडी, एक तांबूस. दादांनी त्यांची नावं ठेवली सिमेंट आणि विटकर. "घर बांधायला घेतलं तेव्हा दोन्हीचा तुटवडा होता," ते म्हणायचे, "आता फुकट मिळालंय तर ठेवून घेऊ." सिमेंट अंगानं भारदस्त, कान टवकारून बसणारा. विटकर सगळ्यांच्या पायांत लोळणारी. तिला कुणी 'हड' म्हटलं तरी ती शेपटी हलवायची, कारण आपल्याशी कुणीतरी बोललं एवढंच तिला पुरे व्हायचं.

आमचं आडनाव दोन-तीन जातींत सापडणारं आहे. दादांनी फाटकावरच्या पाटीवर तेवढंच रंगवून घेतलं. ते ठरवून की रंगाऱ्याला जागा कमी पडली म्हणून, मला आजही माहीत नाही. आधी राहायचो त्या जुन्या वस्तीत आमचं घर कुणाचं, हे विचारायची कुणाला गरज नव्हती. तिथं सगळेच आम्ही. नव्या गल्लीत कोण कुठला हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि आईला त्यातच गल्लीचा सगळ्यात मोठा गुण दिसत होता. आई पाचोडकडची. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पहिल्यांदा पेटला, तेव्हा तिच्या माहेरच्या गावात आपल्या लोकांची घरं जाळली होती. आजीच्या धान्याच्या कणग्या जळल्या, त्या जळक्या ज्वारीचा वास नाकातून जात नाही, असं ती सांगायची. तेवढंच सांगायची. पुढं म्हणायची, "त्यांना घरं हुडकावी लागली नाय. गावात समद्यांना ठावं असतं." शहरात येऊन तिनं मिळवलं होतं ते एवढंच, की आपलं घर हुडकावं लागेल.

मी दहावीत होते त्या हिवाळ्यात नामांतराचा विषय पुन्हा तापला. तसा तो कधी थंड झालाच नव्हता, वर्षानुवर्षं मोर्चे, उपोषणं, लाठ्या चालूच होत्या, पण त्या थंडीत प्रत्येक जण म्हणत होता की आता काहीतरी निकाल लागणार. भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा रात्रीतून उगवायच्या, सकाळी एकावर एक चुना फासलेला असायचा. शाळेत वर्गातल्या मुली डबा खाताना गप्प बसायला लागल्या होत्या. दादा मोर्चाला जायचे, परत येऊन अंगणात हातपाय धुवायचे, आणि त्यांची चाहूल लागेपर्यंत आई ओट्यावर एकच भांडं पुसत राहायची. पलंगाखाली तिनं एक पिशवी भरून ठेवली होती. रेशनकार्ड, घराचे कागद, माझ्या गुणपत्रिका, थोडे कपडे, मेणबत्ती, काडेपेटी. दर दोन दिवसांनी ती पिशवी उपसून पुन्हा भरायची आणि मला म्हणायची, "म्हण बरं काय काय हाय त्याच्यात." मी भूमितीची प्रमेयं म्हणावीत तशी म्हणून दाखवायचे. फ्रिजवरच्या कागदाची माझी सवय कुठून आली हे मला कुणी विचारत नाही.

या सगळ्यात सिमेंट आणि विटकर मोठे झाले, आणि आम्हाला न कळता एक गोष्ट शिकले.

घरात त्यांना गप्प करायला प्रत्येकाचा वेगळा शब्द होता. आई 'गप' म्हणायची, दादा 'बस रे', मी 'शूऽ'. कुत्री कुणाचंच ऐकत नसत. पण रविवारी जुन्या वस्तीतून कुणी ना कुणी यायचं. मामा, दादांचे मित्र, लग्नाच्या पत्रिका घेऊन बायका. फाटकाशी येऊन ते म्हणायचे, "जय भीम." आतून आम्ही सगळे म्हणायचो, "जय भीम, या या." मग फाटक उघडायचं, हसणं व्हायचं, चहा व्हायचा, बिस्किटाचा तुकडा अंगणात पडायचा. कुत्र्यांनी हिशेब मांडला. या शब्दानंतर आलेला माणूस घरचा. हळूहळू असं झालं, की दोघं कितीही पिसाळल्यासारखे भुंकत असोत, फाटकातून जय भीम ऐकलं की एकदम चूप. सिमेंट बसायचा, विटकर शेपटीनं धूळ उडवायची. दूधवाला, मीटर बघायला येणारा, शेजारच्या शैलाकाकू, यांना मात्र भुंकून हैराण करायचे, कारण त्यांच्यापैकी कुणी ते म्हणत नव्हतं. आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं. मामा तर पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचा. "बघा, जातिवंत कुत्री हायेत आमच्या ताईची," म्हणायचा, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचा.

मग एका सकाळी गल्लीत काही माणसं दारोदार फिरत आली. नामांतराच्या विरोधात दुसऱ्या दिवशी बंद होता, तेवढं सांगायला. फाटकाबाहेर उभं राहून 'उद्या बंद पाळा' म्हणायचं आणि पुढं जायचं. आवाज साधाच होता, कुणी दमदाटी केली नाही. त्यांच्यात सगळ्यांत मागं, हात पाठीशी बांधून, शैलाकाकूंचे मिस्टरही होते. दादा पहिल्या पाळीला गेलेले. आई सूप घेऊन अंगणात गहू पाखडत होती. कुत्री फाटकावर पाय ठेवून भुंकत होती, त्यामुळं माणसांना दोनदा सांगावं लागलं. तेवढ्यात त्यांच्यामागून सायकलवर मामा आला. त्याला काही कल्पना नव्हती. एक पाय जमिनीला टेकवून तो त्या माणसांच्या डोक्यांवरून नेहमीसारखं मोठ्यानं म्हणाला, "जय भीम, ताई."

कुत्री गप्प झाली. सिमेंट खाली बसला.

त्या माणसांनी आधी कुत्र्यांकडं पाहिलं, मग पाटीकडं, मग आईकडं. एक जण नुसता हसला. "कुत्र्यांनाबी शिकवलंय की," म्हणाला, आणि ते पुढच्या फाटकाकडं गेले. आई सूप हातात धरून उभीच होती. गव्हाचा कोंडा तिच्या पायावर पडत राहिला.

त्या दिवसापासून तिची झोप गेली. तिनं रॉकेलचा डबा मागच्या मोरीतून हलवून अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागं लपवला, दारामागं पाण्यानं भरलेला ड्रम ठेवला, मला शाळेतून येताना वेगवेगळ्या रस्त्यांनी यायला सांगितलं. दादांशी तिचं भांडण मी आतल्या खोलीत पुस्तक समोर धरून ऐकलं.

"आपण लपायचं का आता?" दादा म्हणाले.

"लपायचं कुठं म्हणते मी? पण कुत्र्यांनी कशापायी दवंडी द्यायची?"

"त्यांना कळतंय का काही?"

"त्यांना नाय कळत. ऐकणाऱ्याला कळतं ना."

दादा शेवटी म्हणाले, "वजीरभाईला विचारतो."

वजीरभाई छावणीकडं राहायचे. पूर्वी तिथं लष्कराच्या कुत्र्यांवर कामाला होते. आता चिकलठाण्याच्या कारखानदारांची बंगल्यांवरची अल्सेशियन आणि डॉबरमन त्यांच्याकडं शिकायची, आणि दादांच्या कंपनीच्या गेटवरची कुत्रीही. ल्युनावरून यायचे, गळ्यात शिट्टी, डब्यात उकडलेली कलेजी. आमच्या गल्लीत कुत्र्याला शिकवायला माणूस येतो हेच नवल होतं. समोरच्या गच्चीवर बायका वाळवण सोडून बघत उभ्या राहायच्या. वजीरभाईंना ते आवडायचं. ते मुद्दाम खणखणीत आवाजात 'बैठ' म्हणायचे आणि सिमेंट बसला की गच्चीकडं न बघितल्यासारखं करायचे. विटकर मात्र 'बैठ' म्हटलं की पाठीवर पडून चारी पाय वर करायची. "ये कुत्ती नै, मेहमान है," वजीरभाई म्हणायचे. ते स्वतःबद्दल फार बोलायचे, एका साहेबाच्या कुत्र्यानं चोर कसा पकडला ती गोष्ट प्रत्येक वेळी थोडी लांबायची, आणि एकदा सिमेंटनं त्यांचाच डबा पळवून रिकामा केला तेव्हा ते दिवसभर आमच्याशी रुसले होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं. "एक काम का एक लफ्ज. अम्मा गप बोलते, बावा बस बोलते, बच्ची शूऽ बोलती. कुत्ता क्या डिक्शनरी है?" मग विचारलं, "गेट पे आनेवाले क्या बोलते?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

वजीरभाई बाहेर गेले, फाटक लावून घेतलं. "सलाम वालेकुम," म्हणाले. कुत्री भुंकली. "नमस्कार." भुंकली. "राम राम." सिमेंट तर फाटकावर चढायला लागला. कंपनीच्या गेटवर दादांना लोक काय म्हणतात ते वजीरभाईंनी ऐकलेलं होतं. त्यांनी गल्लीत दोन्हीकडं पाहिलं, मग वाकून, फाटकाच्या गजांत तोंड घालून, हळूच म्हणाले, "जय भीम."

सिमेंट बसला. विटकर लोळायला लागली.

वजीरभाई सरळ झाले. "इनो तो पहिलेइच सीख के बैठे," ते दादांना म्हणाले. "मेरेकू कायकू बुलाए, साब?"

आईनंच सांगितलं. तिला हिंदी नीट येत नव्हती, पण तिचं म्हणणं त्यांना लगेच समजलं. त्यांनी शिट्टी शर्टाच्या आत टाकली आणि ओट्यावर बसले. नवा शब्द घालणं सोपं आहे, म्हणाले, 'दोस्त' घालू, तो फक्त घरच्यांनी म्हणायचा. पण जुना काढायचा असेल तर तो कडू करावा लागतो. कुणीतरी फाटकाशी उभं राहून तोच शब्द म्हणायचा, आणि कुत्रा गप्प झाला रे झाला की पत्रा बडवायचा. दोन-चार वेळा केलं की त्या शब्दाला कुत्रं भितं.

"म्हणजे ते नाव घ्यायचं आणि पत्रा वाजवायचा," दादा म्हणाले. "माझ्या दारात."

"मैं तरीका बताया. मैं नै बजाता." वजीरभाईंनी हात वर केले. "कल कोई सुन लिया तो बोलेगा, वजीर ये नाम पे डब्बा बजारा. मेरेकू इसीच शहर में रहना है."

"मीबी नाही," दादा म्हणाले, आणि आत निघून गेले.

आई चहा ठेवायला गेली.

तिनं ते दादा पाळीला गेल्यावर केलं. मी गच्चीवर उन्हात इतिहासाचं पुस्तक घेऊन बसले होते. खाली फाटकाचा आवाज झाला म्हणून डोकावले. आई बाहेर, फाटकाला चिकटून, पदराखाली तेलाचा रिकामा डबा आणि लाटणं. गल्लीत कुणी नाही याची खात्री करून ती आत वळली आणि कुत्र्यांना म्हणाली, "जय भीम." इतक्या हळू, इतक्या मायेनं, जसं ती मामाला म्हणायची. मला वाटतं दुसऱ्या कुठल्या आवाजात तिला ते म्हणताच येत नव्हतं. कुत्री हरखून फाटकाशी आली. तिनं डबा बडवला. विटकर किंचाळून टाकीमागं पळाली. सिमेंट जागच्या जागी दबला, कान पाडून. आई आत आली, डबा ओट्याखाली ढकलला, आणि भाजी चिरायला बसली. पुढच्या दिवशी पुन्हा. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. सगळं शहर एक नाव लागावं की लागू नये यावर रस्त्यावर उतरलं होतं, आणि आमच्या अंगणात आई तेच नाव कुत्र्यांच्या कानांतून काढत होती. मी हे तेव्हा असं शब्दांत मांडलं नव्हतं. तेव्हा एवढंच होतं की डबा वाजला की वाचलेली सनावळी पुसून जायची.

वजीरभाईंचा 'दोस्त'ही चांगला रुजला. त्यांनी काम चोख केलं. कुत्री आमच्याबरोबर चालायला शिकली, थांबायला शिकली, रस्त्यावर पडलेलं हाड तोंडातून सोडायला शिकली. गच्चीवरच्या बायका एकदा चक्क टाळ्या वाजवून हसल्या.

मग मामा आला. फाटकाशी येऊन नेहमीसारखं म्हणाला. सिमेंट दात दाखवत मागं सरकला आणि विटकर पोटावर सरपटत टाकीमागं गेली. मामा सायकल धरून उभाच राहिला. "काय गं ताई, भ्याली का मला? मी काय केलं त्यांना?" त्याचा चेहरा इतका उतरला होता, की जणू घरातल्या माणसानं पाठ फिरवली. आई म्हणाली, "थंडीनं कावरीबावरी झाल्यात." त्या दिवशी तिनं मामाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. सारखी वाढत राहिली. जाताना मामानं विटकरला हाक मारली, ती आली नाही.

संक्रांतीच्या त्या दिवसांत निर्णय झाला. विद्यापीठाला नाव मिळालं. रेडिओवर बातमी लागली तेव्हा आई देव्हाऱ्यासमोर बसावं तशी रेडिओसमोर मांडी घालून बसली होती. आमच्याकडं देव्हारा नव्हता. बातमी संपल्यावर ती हसली, आणि तसंच हसत उठून खिडक्या लावायला लागली. जुन्या वस्तीत या घडीला निळा गुलाल उडत असणार, हलगी वाजत असणार, मामा नाचत असणार, हे आम्हा दोघींना दिसत होतं. आमच्या गल्लीत एकेक दार बंद होत होतं. दुकानं पटापट मिटली. लांब कुठंतरी फटाके वाजले. फटाकेच की दुसरं काही, ते कळेना. दादा पाळीवर होते. बसची वेळ झाली, बस आली नाही. वेळ टळून गेली. वाळूजच्या रस्त्यावर गाड्या अडवल्यात, असं कुणीतरी गच्चीवरून कुणाला तरी ओरडून सांगितलं. आईनं पिशवी पलंगाखालून काढून दाराशी ठेवली. कुत्री अंगणात मोकळी सोडली.

दिवस उतरायला लागला तेव्हा कुत्री एकदम भुंकायला लागली. फाटकाची कडी वाजली. पुन्हा वाजली. आईनं माझा हात धरला. कुत्र्यांच्या भुंकण्यातून बाईमाणसाचा आवाज आला, पण शब्द कळेनात. मग तो आवाज चढला आणि अगदी स्पष्ट ऐकू आला.

"जय भीम. अहो सुमनताई, जय भीम."

भुंकणं तुटलं. विटकर किंचाळली. आई दार उघडून बाहेर गेली, मी तिच्यामागं. फाटकाबाहेर शैलाकाकू होत्या. दोन्ही कुत्री त्यांच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, भिंतीला लागून, थरथरत होती.

गल्लीत पाच-सहा दारं किलकिली झाली होती. आईनं तिकडं पाहिलं. मग म्हणाली, "जय भीम." आवाज बसला होता, पण म्हणाली. कुणी जय भीम घातला तर उलट न म्हणता राहणं तिच्या अंगातच नव्हतं.

"फोन आला होता आमच्याकडं," शैलाकाकू म्हणाल्या. गल्लीत फोन त्यांच्याकडंच होता. "तुमच्या मिस्टरांचा. सुखरूप आहेत. रस्ता बंद आहे म्हणून कंपनीतच थांबवलंय सगळ्यांना. उद्या येतील. काळजी करू नका म्हणाले." एवढं एका दमात सांगून त्यांनी कुत्र्यांकडं पाहिलं. "यांना झालंय काय? आधी तर या शब्दाला किती शहाण्यासारखी बसायची."

आईनं फाटक धरलं.

"तुम्ही पाचोडला गेला होतात ना मागं, आणि पाऊस आला? तुमचे कपडे मी काढले की दोरीवरून. तुमच्या भावाचं ऐकून ऐकून ठाऊक होतं. हळूच म्हटलं, गप्प बसली. नंतरही दोनदा आले मी अशी." मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांना नका सांगू."

त्या गेल्यावर आई फाटक धरून उभी होती. दादा सुखरूप आहेत हे ऐकून तिनं मोकळा श्वास घ्यायला हवा होता. तिनं घेतलाही. पण नजर टाकीमागं होती, तिथून विटकरचं फक्त नाक दिसत होतं. शैलाकाकूंना पहिल्यापासून माहीत होतं. कदाचित सगळ्यांनाच होतं. त्या जय भीम कुणाला म्हणाल्या, कुत्र्यांना की आम्हाला, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक कुत्र्यांनाच. पण कुत्र्यांना गप्प करण्यासाठी म्हटलेल्या शब्दाला आईनं माणसाचं उत्तर दिलं होतं, आणि ते गल्लीनं ऐकलं होतं.

दादा परत आल्यावर आईनं त्यांना सगळं सांगितलं, डब्यासकट. दादा रागावले नाहीत. त्यांनी वजीरभाईंना निरोप पाठवला. वजीरभाई आले, ऐकून घेतलं, मान हलवली. "कडवा जल्दी होता. मीठा करने कू टाइम लगता, अम्मा." ते म्हणाले तसं आईनं कलेजी आणायला सुरुवात केली. स्वतः कधी मटणाच्या दुकानात न जाणारी बाई पातेलं घेऊन जायची. फाटकाशी उभी राहायची, म्हणायची, तुकडा पुढं करायची. सिमेंट उन्हाळ्यापर्यंत परत वळला. माझी परीक्षा संपली त्या सुमारास मामा आला तेव्हा तो पुन्हा खाली बसला, आणि मामानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून तोंड दुसरीकडं फिरवलं. विटकर मात्र वळली नाही. तिला सगळ्यांशी लळा होता, म्हणून की काय, तिला लागलं ते सगळ्यांत खोल लागलं. तो शब्द कानावर पडला की ती खाणं सोडून उठायची आणि टाकीमागं जायची. कलेजी दाखवली तरी, आई रडवेली झाली तरी.

ट्रॅकसूटवाल्या सरांना मी शेवटी उत्तर दिलं. घरात 'थांब' ठरलं आहे. लिहून फ्रिजवर लावलंय, सगळे तेच म्हणतात, कुत्री हळूहळू ऐकायला लागली आहेत. मी एकच अट घातली, की माणसं भेटल्यावर एकमेकांना म्हणतात तो कुठलाही शब्द या दोघांना शिकवायचा नाही. मुलीनं कारण विचारलं. सांगेन म्हटलं. संक्रांत जवळ आली की दाराची घंटा जरा लांबून वाजल्यासारखी ऐकू येते, आणि कारण नसताना मी पलंगाखाली वाकून बघते.

विटकर त्यानंतर बरीच वर्षं जगली. तेवढी वर्षं आईनं एक वेगळाच नेम पाळला. कुणी येणार असलं की ती आधीपासून खिडकीत असायची. पाहुणा गल्लीच्या तोंडाशी दिसला की लगबगीनं बाहेर पडायची, फाटक मागं ओढून घ्यायची आणि चपला सरकवत त्याला गाठायला निघायची, म्हणजे त्यानं दाराशी येऊन तोंड उघडू नये. गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, दुसऱ्यांच्या फाटकांसमोर, उभं राहून ती त्याला जय भीम घालायची. पाहुणा मोठ्यानं उत्तर द्यायचा. ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणी मान हलवायचं, कुणी पेपर वर धरायचं, कुणी उठून आत जायचं. आईला त्याचं भान नसायचं. पाहुण्याची पिशवी हातात घेताघेता ती वळून आमच्या फाटकाकडं बघत असायची, विटकर उठली तर नाही ना.